घरात बूट घालणाऱ्या मॅडम

मॅडमच्या दारावर पाटी होती: 'चपला-बूट काढू नयेत. घालूनच आत यावे.' ती वाचून लोक थबकायचे, पुन्हा वाचायचे आणि शेवटी सवयीने चपला काढायचेच. मग आतून आवाज यायचा, "वाचता येतं ना?"

त्यांचा फ्लॅट स्वारगेटजवळ तिसऱ्या मजल्यावर होता. मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, तेव्हा मला नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि कळवायच्या, एवढंच काम. बोलावं फारसं लागायचं नाही, म्हणून मला ते आवडायचं. कंपनीची बस स्वारगेटहून सुटायची आणि मला सकाळची शिफ्ट होती, म्हणून ही खोली बघायला गेले.

इतर घरमालकिणी विचारतात तसं त्यांनी मला काहीच विचारलं नाही. आडनाव नाही, स्वयंपाकात काय चालतं-चालत नाही ते नाही, मित्र घरी येणार का तेही नाही. त्यांनी विचारलं, "चष्म्याचा नंबर किती?" मी सांगितला. "चष्मा लावून स्पष्ट दिसतं?" दिसतं, म्हटलं. "खोटं बोलतेस?" मी नाही म्हणाले. "गरज पडली तर?" यावर मला काही सुचलं नाही. "चालेल," त्या म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली.

मी त्यांना काकू म्हणाले, तर म्हणाल्या, तुझ्या कुठल्या काकाशी माझं लग्न झालंय? मावशी म्हणाले, तर म्हणाल्या, तुझ्या आईला विचारून घे. लग्न त्यांनी कुणाशीच केलं नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळे मॅडम म्हणायचे, तेच त्यांना बरं वाटायचं. परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागायचं, त्या काळातल्या त्या ऑपरेटर. पुढे गल्लोगल्ली पिवळे बूथ आले, मग लोकांच्या खिशात मोबाईल आले. "शेवटी आम्हाला बसायला खुर्च्या होत्या, कानाला लावायला काही नव्हतं," असं त्या सांगायच्या. मुदतीच्या आधीच त्या निवृत्त झाल्या, पण ड्युटी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. फोन उचलला की 'हॅलो' नाही, "बोला." बोलणं लांबलं की "झालं? ठेवते." आईचा फोन माझ्यासाठी असला तरी तेच. आईला पहिले काही महिने वाटत होतं की मी एखाद्या सरकारी कार्यालयात राहते.

त्यांना मधुमेह होता. शुगर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "लाडाचं नाव ठेवू नकोस त्याला," म्हणायच्या. चाळिशीत तो निघाला, आणि पहिली काही वर्षं त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. तेव्हा दुखत काही नव्हतंच. मग एकदा त्यांच्या चपलेत शर्टाचं एक बटण अडकलं आणि त्याच्यावर पाय ठेवून त्यांनी अख्खी ड्युटी केली. त्यांना काही जाणवलं नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा आधी त्यांनी घरात कोण आलं होतं ते शोधलं. त्यात डाव्या पायाची करंगळी गेली.

"खाली लाइन डेड आहे," त्या तळव्यांकडे बोट दाखवून सांगायच्या. "तिकडून कोणी कितीही ओरडलं तरी इकडे घंटी वाजत नाही."

तेव्हापासून त्या झोप सोडली तर बुटाशिवाय राहायच्या नाहीत. घरात बूट, स्वयंपाकघरात बूट, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतानाही बूट. खाली पांढरे सुती पायमोजे, कारण पांढऱ्यावर रक्ताचा डाग लगेच दिसतो. बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, मग आत हात घालून चाचपायचा. हे त्या फक्त स्वतःच्या बुटांचं करत नसत. सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाच्या चपलाही त्यांनी एकदा उचलून झटकल्या होत्या. अंघोळीचं पाणी त्या कोपर बुडवून बघायच्या, कारण पायाला गरम-थंड काही कळत नव्हतं. त्यांच्याकडे आलेले पाहुणे बूट घालून सोफ्यावर बसायचे आणि पाय कुठे ठेवावेत ते न कळून अवघडून जायचे. मला ते बघायला मजा यायची. घरात एकदा तरी माझ्याइतकं अवघडलेलं आणखी कोणी असायचं.

खाण्याचं त्यांचं सगळं घड्याळावर होतं. ताटात आधी भाजी संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. कोणी पेढे आणले तर 'मला चालत नाही' असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. कणभर तोडून तोंडात टाकायच्या आणि उरलेला माझ्या हातावर ठेवायच्या. "जीभही माझी आणि पायही माझेच. दोघांचं भांडण मी रोज ऐकते." आंब्याच्या दिवसांत एक हापूस आणायचा. त्यातला एक पातळ काप त्यांचा, बाकीचा माझा. मी खात असताना त्या समोर खुर्ची घेऊन बसायच्या. मला अगदी नकोसं व्हायचं. "हळू खा," त्या म्हणायच्या. "मीही खातेय."

त्यांच्या डोळ्यांनाही मधुमेहाने गाठलं होतं. लेझर झालं होतं, तरी बारीक दिसायचं नाही, आणि पाय वळवून स्वतःचा तळवा बघायचा तर कंबर वाकायची नाही. डॉक्टरांनी तर रोज तळवे बघायला सांगितलेले. म्हणून राहायला येणाऱ्या मुलीशी त्यांची एकच अट असायची. संध्याकाळी सात वाजता टॉर्च घेऊन पाय बघायचे आणि काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं.

माझ्याआधी आलेल्या काही मुलींना ते जमलं नव्हतं. एकीला वास येईल असं वाटलं. एकीची आई सोबत आली होती. ती कशी निघून गेली ते मॅडम कोरड्या आवाजात सांगायच्या. "आधी खोली बघितली. मग भिंतीवरच्या तसबिरी बघितल्या. मग पायांकडे बघितलं, आणि म्हणाली, आमच्या मुलीला कुणाच्या पायाला हात लावायची सवय नाही." त्यावर त्यांनी स्वतःचं मत कधी दिलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी लहान स्टुलावर बसले, त्यांचा पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेतला आणि गप्प झाले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या मराठीत पायाला पाऊल आणि बोटं, एवढंच होतं. "हा भाग... ठीक आहे," मी म्हणाले. "हा कुठला?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी मला एकेक नाव शिकवलं. टाच, चवडा, घोटा, तळव्याची कमान, बोटांच्या बेचक्या. भेग वेगळी, घट्टा वेगळा, कुरूप वेगळं. "आणि पुटपुटू नकोस. पायाला ऐकू येत नाही, मला तरी येऊ दे." मी रोज त्या क्रमाने बोलायचे: उजवा, टाच, एक जुनी भेग, कोरडी. चवडा, ठीक. बेचक्या, ठीक. डोळे मिटून त्या ऐकायच्या, जशा पूर्वी लोकांचे नंबर ऐकत असतील. दोन बायका रोज एकमेकींना शिवतात आणि खाजगी काहीच विचारत नाहीत, ही गोष्ट माझ्या स्वभावाला फार सोयीची होती. पुढे माझ्या बाबांना मधुमेह निघाल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, त्यांचे तळवे कोण बघतं? आई म्हणाली, हे काय भलतंच?

मॅडमना एक धाकटा भाऊ होता. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनी रात्रपाळ्या करून त्याला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. तो फोन करायचा, अधूनमधून एकटाच येऊन बसायचा, पण मॅडम त्याच्या घरी जात नव्हत्या. कारण त्यांनीच मला सांगितलं, पाय बघून झाल्यावर, पायमोजा चढवता चढवता. करंगळी गेली त्याच वर्षी भावजयीचे वडील वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे अनवाणी उभे राहून वंदना म्हणत होते आणि मॅडम बूट घालून. भावजय रडत होती. ती म्हणाली, ताई, माझ्या वडिलांच्या फोटोपुढे तरी बूट काढा. मॅडमनी पायाचं कारण सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "फोटोला नाक नसतं."

"असं म्हणाले मी," त्या म्हणाल्या. "भरल्या घरात."

त्याला दहाएक वर्षं झाली होती. ते वाक्य परत घेण्याची तरतूद कुठल्याच एक्स्चेंजमध्ये नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

मग भावाच्या मुलालाही माझ्यासारखीच कंपनीत नोकरी लागली आणि बापलेकांनी मिळून कात्रजला रो-हाऊस घेतलं. गृहप्रवेशाचं बोलावणं करायला भाऊ आला, आणि या वेळी भावजयही सोबत होती. पाटी वाचूनही तिने सँडल बाहेरच काढल्या. चहा घेतला, घर किती खोल्यांचं ते सांगितलं, मॅडमच्या पायांकडे एकदा बघितलं आणि निघताना म्हणाली, "तुम्ही आल्याशिवाय भन्तेजींना वंदना सुरू करू देणार नाही." मॅडमनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी फोन उचलून चक्क 'हॅलो' म्हटलं.

मला त्या सोबत घेऊन गेल्या. मे महिना होता. नव्या घराच्या दाराबाहेर चपलांचा हा ढीग पडलेला. मॅडम पायरीवर थांबल्या. आत चाळीसेक माणसं होती आणि सगळी त्यांच्या बुटांकडे बघत होती, निदान मला तसं वाटलं. तेवढ्यात भावजय एक खोकं घेऊन बाहेर आली. आत तपकिरी चामड्याचे नवेकोरे बूट होते.

"ताई, यांना अजून रस्ता लागलेला नाही," ती म्हणाली. "हे घालून या आत."

मी इतक्या जवळून मॅडमचा चेहरा रोज बघायचे, पण तो असा कधी बघितला नव्हता. त्या दाराबाहेरच्या एका खुर्चीवर बसल्या. मी बूट उलटे करून आपटले, आत हात घातला. चामडं कडक होतं आणि चवड्याशी बूट निमुळता होता. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचा, हा त्यांचाच नियम होता, आणि तो त्यांनी मला, शेजाऱ्यांना आणि एकदा बुटांच्या दुकानदारालाही ऐकवला होता. मी वाकून हळूच म्हणाले, घट्ट आहेत. त्या म्हणाल्या, "घाल."

सकाळपासून उन्हं कलेपर्यंत ते बूट त्यांच्या पायात होते. त्या वंदनेला उभ्या राहिल्या, खीर चमचाभर खाल्ली, प्रत्येक खोली बघितली, प्रत्येक नळ सोडून पाहिला, गच्चीवरही गेल्या. भावजय त्यांना हात धरून फिरवत होती आणि पाहुण्यांना सांगत होती, या आमच्या ताई. त्यांचे जुने बूट पिशवीत घालून मी दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरले.

घरी येऊन डावा पायमोजा उतरवला, तेव्हा त्याच्यावर गुलाबी डाग होता. डावा, मी म्हणाले. अंगठ्याखाली फोड, फुटलेला.

मॅडमनी तो पायमोजा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाल्या, "हे इथून बाहेर जाणार नाही."

डॉक्टरांकडे आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, त्यात त्यांनी हयगय केली नाही. पण आठवड्याभरात जखम खोल गेली आणि चवडा लाल झाला. डॉक्टरांनी बॉलपेनने त्या लालीच्या कडेने पायावर रेघ ओढली. मला सांगितलं, लाली या रेघेबाहेर गेली तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात भरती करायचं. नाहीतर अंगठा जाईल, आणि कदाचित अंगठ्यावर भागणार नाही. तोपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. घरी दुसरं कोण आहे, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ही आहे.

भावाचा फोन रोज यायचा. मॅडम त्याला सांगायच्या, ठीक आहे. मी एकदा धीर करून म्हणाले की त्यांना कळवायला हवं. त्या म्हणाल्या, "तिने ते स्वतः निवडलेत. तीन दुकानं फिरून. आता तिला काय सांगू, तुझे बूट चावले?" मला त्यांचं म्हणणं पटलं नाही, पण मी वाद घालणारी नव्हते. मी रोज रेघ बघत राहिले.

पुढचं आधीच सांगून टाकते. अंगठा वाचला. जखम भरायला गणपती उजाडले. मॅडम त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या, बूट घालून, आणि तो बुटांचा नवा जोड मोच्याकडून चवड्याशी सैल करून त्यांनी शेवटी वापरलाही. मी नोकरी बदलून बंगळूरला गेले, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या नव्या मुलीला पायाचे सगळे भाग मीच शिकवले.

पण मला आठवते ती रेघ ओलांडली ती संध्याकाळ. मी स्टुलावर बसले होते, पाय मांडीवर होता. लाली रेघेच्या पलीकडे, घोट्याच्या दिशेने, दोन बोटं सरकली होती. मी तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुझ्या टॉर्चचा उजेड पिवळा आहे, उद्या सकाळी बघू. मी म्हणाले, डॉक्टर थांबू नका म्हणालेत. "उद्या," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या तिपाईवरचा फोन वाजला. भाऊ होता. त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण मॅडम म्हणाल्या, "बूट? छान आहेत. अगदी छान."

मी टॉर्च पायावर धरली आणि रोजचा पाढा सुरू केला. फक्त आवाज माझा नव्हता. तो आवाज मी शाळेत नाही, कॉलेजात नाही, ऑफिसच्या एकाही मीटिंगमध्ये काढला नव्हता. "डावा पाय," मी म्हणाले. "अंगठ्याखाली जखम. रुपयाएवढी. पू आहे. लाली डॉक्टरांच्या रेघेबाहेर गेलीय. आज भरती करायला सांगितलंय."

मॅडमनी रिसीव्हरवर हात ठेवला नाही. मला आजही वाटतं, त्या ठेवू शकल्या असत्या. तेवढं काम तर त्यांच्या हातांनी आयुष्यभर केलं होतं.

कात्रजहून दोघं आले, ते जवळजवळ धावतच जिना चढून. भावजयीने सवयीप्रमाणे सँडल दाराशी सोडल्या आणि सरळ पलंगाशी येऊन पाय बघितला. मग कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं. ती भयंकर चिडली.

"एवढे चावत होते तर काढून टाकायचे ना, ताई?"

"कळलं असतं तर काढले असते."

"त्या संध्याकाळी तर कळलं ना? मग तेव्हा सांगायचं."

मॅडम भिंतीकडे बघत राहिल्या. "दहा वर्षांनी तू मला दारातून आत घेतलंस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी तुलाच फोन करून तक्रार करू?"

भावजयीने नवऱ्याला रिक्षा थांबवून यायला पिटाळलं, मला कपड्यांची पिशवी भरायला सांगितली आणि रुमालाने डोळे पुसून तोच कमरेला खोचला. लिफ्ट नव्हती आणि पाय टेकवायचा नव्हता, म्हणून आम्ही मॅडमना लाकडी खुर्चीत बसवलं. मागून भावाने खुर्ची धरली, बाजूने मी. समोर भावजय, दोन्ही हातांत तो डावा पाय धरून, उलटी एकेक पायरी उतरत. मजल्यामजल्यावर दारं उघडली. मॅडम वरून सूचना देत होत्या, डावीकडे, आता वळण, भिंत सांभाळा.

दुसऱ्या मजल्यावर त्या एकदम थांबा म्हणाल्या. आम्ही थांबलो. त्या खाली वाकून बघत होत्या, त्यांच्या अधू डोळ्यांना दिसेल तेवढं.

"तुझ्या पायात काही नाही," त्या भावजयीला म्हणाल्या. "जिन्यात काचा असतात. वर जा, घालून ये."

भावजयीने पाय जरा वर उचलून नीट धरला आणि चाचपून खालची पायरी शोधली.

"मला टोचलं की कळतं, ताई," ती म्हणाली. "आणि मी ओरडते."